‘डिस्कार्ड’ला मराठीत काय लिहायचं? टाका, ओता, मोडीत काढा की विल्हेवाट लावा?

अनगोळ_मेडिकल

नमस्कार मंडळी. बेळगावात माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांत मराठी वाचणारे खूप, त्यात साठी ओलांडलेले जास्त. औषधाच्या खोक्यावर मात्र सगळं इंग्रजी. म्हणून मी बाटल्यांवर हातानं लिहिलेली मराठी चिठ्ठी चिकटवतो, ज्यांना कन्नड हवी त्यांना कन्नड. आता या चिठ्ठ्या छापूनच घ्याव्यात असं ठरवलंय, आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. तो शब्द म्हणजे डिस्कार्ड.

डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की उघडल्यापासून एक महिन्याने ती डिस्कार्ड करावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ही ओळ कळलीच पाहिजे. खोक्यावरची एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी ती न उघडलेल्या बाटलीची असते. बूच निघालं, बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला लागलं की आत जंतू जाण्याची वाट मोकळी होते. लोक बघतात ती फक्त छापील तारीख. बाटली अर्धी शिल्लक असते, पैसे मोजलेले असतात, मग ती फडताळात राहते आणि सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी लाल डोळ्यात जाते. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीचंही तसंच. पाणी घालून हलवली की तिचं आयुष्य दिवसांवर येतं, बहुतेक वेळा ७ दिवस. नेमका आकडा लेबलवर असतो, तोही इंग्रजीत.

आता खरी अडचण सांगतो. परवा एक छापील मराठी पत्रक हातात आलं. त्यात डोळ्यांच्या औषधाखाली लिहिलं होतं, ‘उघडल्यावर एक महिन्याने टाका.’ वाचून मी थबकलो. डोळ्यात थेंब ‘टाका’ असंही लोक म्हणतात. म्हणजे ज्या ओळीनं औषध थांबवायला सांगायचं, तीच ओळ एखाद्याला ‘महिन्याने डोळ्यात टाका’ असं सांगू शकते! भाषांतर चुकीचं नाही, शब्दकोशात टाकणे असाच अर्थ आहे. तरी त्या वाक्यानं एखाद्याचा डोळा जाऊ शकतो.

तुम्ही तुमच्या घरी, तुमच्या कामात या ‘डिस्कार्ड’ला काय म्हणता? फक्त शब्दकोशातला शब्द नको. समोरच्या माणसाच्या हातून जे घडायला हवं तेच घडेल असा शब्द हवा.

उचगावची

दादा, आपल्या भागात डोळ्यात औषध ‘घालतात’. मीठ घालायचं, हळद घालायची, जनावरांना वैरण घालायची. ‘टाकायचं’ ते उकिरड्यावर. माझ्या सासूबाई अजून सांगतात, आमटीत मीठ टाकू नको बाई, घाल. पण टीव्हीवरच्या पाककृतींत जिरं टाका, मोहरी टाका, सगळं टाकाच. माझी मुलंही तसंच बोलतात. म्हणजे एकाच घरात ‘टाका’चे दोन अर्थ नांदतात, आणि आजीला चिठ्ठी वाचून दाखवणारा बहुतेक वेळा नातूच असतो. दोघांनाही एकच कळेल असं लिहा.

निपाणीचा_मास्तर

यात एवढा विचार कसला? ‘विल्हेवाट लावा’ हा आपला जुना, भारदस्त शब्द आहे. सरकारी मराठीत कचऱ्याची विल्हेवाट, मुदतबाह्य मालाची विल्हेवाट सर्रास लिहितात. चिठ्ठीवर ‘एक महिन्यानंतर विल्हेवाट लावावी’ छापा, काम झालं.

कंग्राळीची_टीचर

मास्तर, शब्द सुंदर आहे, पण तो दुसऱ्या इंग्रजी शब्दाचा जोडीदार आहे. डिस्पोज आणि डिस्कार्ड आपण एकाच माळेत ओवतो आणि शाळेतली मुलं तिथंच गडबडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिस्पोज हा लॅटिनमधून आलेला शब्द, मुळात अर्थ मांडणे, जागच्या जागी लावणे. त्यातून निकाली काढणे, मार्गी लावणे असा अर्थ आला आणि शेवटी घरातून घालवणे. आपल्या विल्हेवाटीचा प्रवासही असाच. ‘विल्हे लावणे’ म्हणजे व्यवस्था लावणे. म्हणून विल्हेवाट म्हटलं की त्यात पुढची व्यवस्था आलीच: कुठे न्यायचं, पुरायचं, जाळायचं की विकायचं. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘विल्हेवाट लावावी’ वाचून आजोबा विचारणार, कशी लावू? उत्तर चिठ्ठीवर नाही. मग बाटली फडताळातच.

डिस्कार्डचा जन्म पत्त्यांच्या डावातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो. त्यातलं कार्ड म्हणजे खेळायचं पान. हातातल्या पानांतून नको असलेलं पान खाली टाकणं म्हणजे डिस्कार्ड. रमी खेळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १३ पानं हातात, एक उचललं की एक टाकावंच लागतं. म्हणजे या शब्दात निवड आहे. हातात बरंच काही आहे, त्यातलं एक मला आता नको, एवढंच तो सांगतो. त्या पानाचं पुढं काय होणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शेजारचा खेळाडू तेच पान उचलून डाव लावू शकतो.

वापराचंही सांगते. डिस्कार्डपुढे वस्तू थेट येते, मध्ये काही लागत नाही. डिस्पोजपुढे ‘ऑफ’ लागतो. आपल्याकडच्या अर्जांत, कार्यालयीन पत्रांत हा ‘ऑफ’ हमखास गळतो. जुनी कल्पना, जुनी सवय, प्रयोगातला चुकलेला आकडा, सोललेली साल, यांना डिस्कार्ड चालतं. भावाशी भांडून ताटली फेकली, तर तिथं ते चालत नाही. तिथं थ्रो. आणि थ्रोचं एक लक्षात ठेवा, नुसतं थ्रो म्हणजे फेकणं, पलीकडे कुणीतरी झेलणारं असू शकतं. टाकून द्यायचं असेल तर इंग्रजी माणूस त्याला ‘अवे’ किंवा ‘आउट’ जोडतो. आपण पेनाला, पेल्याला ‘यूज अँड थ्रो’ म्हणतो ती आपल्या देशातली इंग्रजी. बाहेर त्याला डिस्पोजेबल किंवा सिंगल यूज म्हणतात. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या पेले, चमचे, स्ट्रॉवर बंदी आली, त्या नियमातला शब्दही सिंगल यूजच आहे.

तेव्हा दादांच्या बाटलीवर डिस्कार्ड आहे त्याचा अर्थ ‘हिला वापरातून काढ’. फेकणं ही त्याच्या पुढची पायरी.

येळ्ळूरचा_फौजी

टीचरताई, लै बेस सांगितलासा. मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केलेला माणूस, पेन्शन घेऊन आता शेती बघूलोय. ‘वापरातून काढ’ला आमच्याकडं स्वतंत्र शब्द आहे, आणि बेळगावात तो घराघरांत पोचलाय: कंडम.

आपण म्हणतो गाडी कंडम झाली, पंप कंडम आहे. हा शब्द इंग्रजीतल्या कंडेम्डवरून आलेला. त्याचा मूळ अर्थ दोषी ठरवणे, शिक्षा सुनावणे. फौजेत कुठलीही वस्तू कुणा एकाच्या मनात आलं म्हणून टाकता येत नाही. बूट असो, तंबू असो, ट्रक असो, बोर्ड बसतो. अधिकारी वस्तू हातात घेऊन बघतात. दुरुस्त होते का? होत असेल तर खर्च किती? नवीन परवडेल इतका खर्च येत असेल तर ‘बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर’ असा शेरा पडतो, आम्ही त्याला बीईआर म्हणायचो. सह्या होतात, मग ती वस्तू खात्यावरनं उतरते. तोपर्यंत मोडकी असली तरी ती तुमच्या नावावर, हरवली तर भरून द्यायची तुम्ही.

मला ही पद्धत फार पटते. वस्तूचा निकाल लावायच्या आधी तिची सुनावणी होते. घरात आपण काय करतो? मिक्सर बंद पडला की थेट भंगारवाल्याला. कार्बन ब्रश झिजलाय की कॉइल जळलीय ते कुणी बघत न्हाई. खरं औषधाला ही पद्धत चालायची नाही. तिथं सुनावणी आधीच झालेली असते, तारीख लिहिलेली असते. तारीख गेली की कंडम, मग पाणी कितीबी स्वच्छ दिसूदे. चिठ्ठीवर ‘महिन्यानंतर कंडम’ असं लिहा, आमच्या गावात म्हातारी माणसंसुद्धा समजतील.

उचगावची

काका, कंडम आमच्याकडं पुरुषमाणसांना लगेच कळेल. आजीला कळेलच असं नाही.

आणि एक सांगावंसं वाटतं. ‘टाकलेली’ हा शब्द आम्ही बायकांनी फार ऐकलाय. नवऱ्यानं टाकलेली. अशी एक मावशी आमच्या गल्लीत होती, भाकऱ्या करून तिनं दोन पोरं शिकवली. तिला नावानं हाक मारणारे कमी, ‘टाकलेली’ म्हणून ओळखणारे जास्त. इंग्रजीत डिस्कार्डेड माणसाला लावतात की नाही मला माहीत नाही, पण आपल्याकडं ते क्रियापद माणसाला लागतं आणि आयुष्यभर चिकटून राहतं. माझं म्हणणं, शक्य तिथं ते टाळू या.

कंग्राळीची_टीचर

लावतात ताई. जुन्या नोकराला, मित्राला, प्रियकराला इंग्रजीत डिस्कार्ड करतात, आणि तो शब्द तिथंही तितकाच क्रूर आहे. माणसाला वस्तूच्या रांगेत बसवतो म्हणून.

उद्यमबागेतला_मोल्डर

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात आहे. आमच्याकडं तर या एका इंग्रजी शब्दाचे तीन तुकडे रोज होतात आणि ते एकमेकांत मिसळले तर मालक रागावतो, बरोबरच रागावतो.

कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मोल्डमधून काढलं, त्यात ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक दिसलं, माप बसलं नाही, तर ते रिजेक्ट. रिजेक्ट म्हणजे गिऱ्हाइकाकडं जाणार नाही एवढंच. कधी वेल्डिंग, घासाई करून रीवर्कला जातं, नाहीतर परत भट्टीत. रनर आणि रायझर, म्हणजे धातू आत शिरायची नळी आणि वरचा साठा, ते कापून काढतात, तेही परत भट्टीत. याला आम्ही टाकणं म्हणतच नाही. बाहेरून येणारं स्क्रॅप तर आमचा कच्चा माल. पत्र्याचे कटिंग, जुने मशीनचे भाग, सगळं इंडक्शन फर्नेसमध्ये जातं. गावात ज्याला भंगार म्हणतात त्यावर आमच्या भागातली किती घरं चालतात! बेळगावचं कास्टिंग पंपात, व्हॉल्व्हमध्ये, गाड्यांत बसून लांबलांब जातं.

खरंच ज्याला डिस्कार्ड म्हणावं असं आमच्याकडं दोनच, स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवरची मळी, आणि काळी वाळू. मोल्डिंगची वाळू आम्ही परत परत वापरतो, बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि पाणी घालून मळतो. पण प्रत्येक ओतणीत तिच्यातला काही भाग जळून निकामी होतो, तेवढी काढायची आणि तेवढी नवी घालायची. ती काढलेली वाळू कुठं न्यायची हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. रस्त्याच्या भरावात, विटांत, पेव्हरमध्ये ती वापरता येते, पण ते काम जेवढं व्हायला पाहिजे तेवढं होत नाही. मला याची मनापासून टोचणी आहे. भट्टीपाशी उभं राहून चांगलं कास्टिंग निघालं की छाती फुगते आणि गेटबाहेर वाळूचा ढीग बघितला की मान खाली जाते.

तुमच्या चिठ्ठीला याचा उपयोग किती, तुम्हीच बघा. मला एवढंच म्हणायचंय की ‘टाका’ म्हणताना कुठं टाकायचं हे ज्याला सांगता येत नाही त्यानं अर्धंच वाक्य लिहिलंय.

शिवारातली

मोल्डरदादा, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. शहराचा कचरा ज्या गावाच्या हद्दीत येतो तिथली मी. शहरात गाडी आली, बादली रिकामी झाली, विषय संपला. आमच्याकडं विषय तिथून सुरू होतो. जास्त लिहीत नाही, पण औषधांच्या बाटल्या आणि सुया आम्ही उघड्यावर पडलेल्या बघितल्यात आणि त्यातनं वेचणाऱ्या पोरीही बघितल्यात.

बैलहोंगलची_सून

माहेर गडहिंग्लज, सासर बैलहोंगल. दादा कन्नड चिठ्ठीही छापणार आहेत म्हणून लिहितेय, कारण तिकडंही हाच खड्डा आहे, फक्त वेगळ्या क्रियापदाचा.

आमच्या उत्तर कर्नाटकातल्या बोलण्यात फेकायला ‘ओगि’ म्हणतात. कल्ल ओगिबॅडा म्हणजे दगड मारू नको. आणि धुवायलाही ‘ओगि’च. अरिवी ओगि म्हणजे कपडे धू. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे पहिल्याच आठवड्यात नीट समजावून दिलं, कारण माहेरून आलेल्या सुनेची गडबड इथंच होते हे त्यांना ठाऊक होतं. कपडे असले की धुवायचं, दगड असला की फेकायचं. पण बाटली असली की? बाटली धुताही येते आणि फेकताही येते. तेव्हा ‘बाटली ओगिरि’ असं कन्नड चिठ्ठीवर मुळीच नको. पुस्तकी कन्नडात ‘एसेयिरि’ किंवा ‘बिसाडि’ आहे, ते निःसंदिग्ध. त्याहून चांगलं म्हणजे ‘बळसबेडि’, वापरू नका.

दुसरा शब्द ‘कस’. कन्नडात कस म्हणजे केरकचरा. भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं, इल्लि कस हाकबेडि, इथं कचरा टाकू नका. मराठीत कस म्हणजे नेमकं उलटं. जमिनीचा कस, कसदार धान्य, कसाला लागणे. माझ्या मुलीला दोन्ही भाषा येतात आणि तिला यात काहीच विचित्र वाटत नाही. ती म्हणते, आजोबा परड्यातला कस खड्ड्यात घालतात, वर्षानं जमिनीला कस येतो.

निपाणीचा_मास्तर

तुमच्या मुलीला माझे आशीर्वाद सांगा. हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे.

विल्हेवाटीबद्दल टीचरबाईंचं म्हणणं मान्य. तरी तो शब्द मोडीत काढू नये एवढी विनंती. जिथं पुढची व्यवस्था खरोखर लावायची आहे, तिथं त्याच्याएवढा नेमका शब्द मराठीत दुसरा नाही. मोडीत काढणं हाही पाहा किती वेगळा! तांब्याची घागर चेपली की मोडीत जाते, म्हणजे वजनावर जाते, आणि नवी घेताना तिची किंमत वजा होते. सोन्याची मोड तशीच. वस्तूचा आकार संपला तरी धातूचं मोल संपत नाही हे त्या शब्दात गृहीत आहे. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी आपल्याकडं वस्तूगणिक क्रियापद आहे: पाणी ओतून देतो, केर काढतो, रद्दी घालतो, मोड देतो, जुने कपडे बोहारणीला देतो, निर्माल्य विसर्जन करतो. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. निर्माल्य फेकलं म्हणून बघा घरात!

कोर्टापाशी_बसणारा

मी वकिलांकडं लेखनिक आहे. डिस्पोजवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात लोकांचं नुकसान होतं.

हल्ली खटल्याची स्थिती मोबाइलवर दिसते. तिथं ‘केस डिस्पोज्ड’ असं आलं की खेड्यातला माणूस घाबरतो. कुणी सांगतं, केस फेकली, कागद फाडले. काहीजण तर मग कोर्टाकडं फिरकतच नाहीत. डिस्पोज्ड म्हणजे केस निकाली निघाली, एवढंच. निकाल तुमच्या बाजूनं लागलेला असू शकतो, विरोधात गेलेला असू शकतो, तडजोड झालेली असू शकते, किंवा दावा मागं घेतलेला असू शकतो. त्या एका शब्दावरून काहीही कळत नाही. निकाल वाचावा लागतो.

आणि तो लगेच वाचावा लागतो. दिवाणी दाव्यातल्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस, उच्च न्यायालयात करायचं असेल तर ९० दिवस. आपल्या भागासाठी उच्च न्यायालय म्हणजे धारवाडचं खंडपीठ. नक्कल मागितल्यापासून ती मिळेपर्यंतचा वेळ या मुदतीत धरत नाहीत, पण त्यासाठी नकलेचा अर्ज आधी केलेला हवा. ‘केस फेकली’ असं समजून जो घरी बसला त्याची मुदत तिकडं सरत असते. उशीर माफ करून घेता येतो, कारण पटलं तर. ‘मला शब्द कळला नाही’ हे कारण पटवणं किती कठीण आहे ते मी रोज बघतो. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, मोबाइलवर डिस्पोज्ड दिसलं की त्याच आठवड्यात वकिलांना गाठा आणि नकलेचा अर्ज द्या.

सायबर_चिकोडी

फॉर्म भरून देण्याचं काम करतो. लोकांनी एक लक्षात ठेवावं. डिलीट आणि डिस्कार्ड वेगळे. जीमेलमध्ये डिलीट केलेलं पत्र बिनमध्ये ३० दिवस पडून राहतं, परत आणता येतं. अर्धवट लिहिलेला मसुदा डिस्कार्ड केला की तो बिनमध्ये जात नाही. फॉर्म भरताना ‘डिस्कार्ड चेंजेस?’ असं विचारलं आणि घाईत हो म्हटलं, तर तासाभराचं काम गेलं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, तिथं हो म्हणजे ‘मी लिहिलेलं नको’.

खानापूरची_सिस्टर

मी खानापूर तालुक्यात नर्स आहे. दिवसभर ड्युटी होती, आता सगळं वाचून काढलं. आमच्या कामात हा शब्द पदोपदी येतो, म्हणून दोन-तीन गोष्टी.

पहिली, २४ तासांच्या लघवीची तपासणी. सूचना असते, सकाळची पहिली लघवी डिस्कार्ड करा, त्यानंतरची सगळी डब्यात गोळा करा. यात पहिली का सोडायची ते कुणी सांगत नाही. ती रात्रभर साठलेली असते, म्हणजे आदल्या दिवसाच्या हिशोबातली. ती संडासात सोडायची, घड्याळ बघून वेळ लिहायची आणि तिथून २४ तास मोजायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी मात्र डब्यात घ्यायची. लोक काय करतात? काहीजण नेमकी पहिलीच आणतात, कारण इतर सगळ्या तपासण्यांत सकाळची पहिलीच मागतात. काहीजण दुसऱ्या दिवशीची पहिलीही सोडून देतात. दोन्हीकडं आकडा चुकतो, आणि किडनीचे डॉक्टर त्या आकड्यावर निर्णय घेत असतात. मी ‘टाका’, ‘फेका’ काही म्हणत नाही. मी म्हणते, ‘पहिली नेहमीसारखी संडासात करा, डब्यात नको.’ जागा सांगितली की चूक होत नाही.

दुसरी, लसी. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस पावडर असते, ती द्रावणात मिसळल्यावर ४ तासांच्या पुढे वापरायची नाही. मग कुपीत पाच बाळांपुरती लस उरलेली असो. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) अशा लसींची उघडलेली कुपी नियम पाळून ठेवली तर २८ दिवस चालते. दोन्हींत फरक करायचा एकच उपाय, कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहायची. लिहिलं नसेल तर ती कुपी वापरायची नाहीच. आई विचारते, एवढी लस वाया का घालवता सिस्टर? मी सांगते, वाया गेलेली लस परत मागवता येते, बाळाला झालेला संसर्ग मागं घेता येत नाही.

म्हणून दादा, तुमच्या चिठ्ठीवर क्रियापदाच्याही आधी एक रिकामी जागा हवी: ‘उघडल्याची तारीख’. ती तुम्ही दुकानात भरू नका. बाटली घरी जाऊन उघडली जाते, कधी चार दिवसांनी. पेन हातात देऊन सांगा, बूच काढाल तेव्हाच लिहा.

अनगोळ_मेडिकल

सिस्टर, हे फार मोलाचं सांगितलंत. सगळ्यांचं वाचून आज रात्री बसून लिहिलं ते असं:

‘उघडल्याची तारीख: ……… या दिवसापासून एक महिना डोळ्यात घालता येईल. त्यानंतर औषध उरलं, स्वच्छ दिसलं, तरी वापरू नये. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात घालू नये.’

यात टाकणे नाही, विल्हेवाट नाही, कंडमही नाही. फौजीकाकांची माफी मागतो, पण त्यांची तारीख-गेली-की-संपली ही गोष्ट ‘स्वच्छ दिसलं तरी’ या तीन शब्दांत घेतली आहे. कन्नडात बैलहोंगलच्या ताईंचं ‘बळसबेडि’. अँटिबायोटिकच्या पावडरीसाठी वेगळी चिठ्ठी, त्यात ‘पाणी घातल्याची तारीख’ आणि दिवसांचा आकडा मी लेबल बघून हातानं लिहीन, कारण तो औषधागणिक बदलतो.

एकच राहिलं. मोल्डरदादा आणि शिवारातल्या ताई म्हणाल्या ते मनाला लागलंय. वापरू नका एवढ्यावर थांबलो तर बाटली फडताळात राहील, नाहीतर ओढ्यात जाईल. पुढची ओळ काय लिहू? आणि इन्सुलिनच्या सुयांचं काय सांगू? रोज कुणी ना कुणी विचारतं.

खानापूरची_सिस्टर

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा प्रकार ठरवला होता. मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया आणि सिरिंज, बॅटरी सेल, ट्यूबलाइट, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर हे सगळं त्यात येतं. ते ओल्यातही जात नाही आणि सुक्यातही नाही. तेव्हा तिसरी ओळ अशी लिहा: ‘उरलेलं औषध मोरीत, ओढ्यात ओतू नये. बूच लावून वेगळ्या पिशवीत ठेवावं आणि कचरागाडीवर औषधं आहेत असं सांगून वेगळं द्यावं.’ अँटिबायोटिक पाण्यात गेलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून मोरीचं मुद्दाम लिहा.

सुयांसाठी जाड प्लास्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. टोपण परत बसवायला जाऊ नये, बोटात टोचतं ते तेव्हाच. डबा पाऊण भरला की झाकण घट्ट करून वर चिकटपट्टी लावायची आणि बाहेर ठळक अक्षरात ‘सुया’ लिहायचं, मराठीत आणि कन्नडात ‘सूजि’. असा बंद डबा आमच्या दवाखान्यात आणून दिला तर आम्ही इथल्या सुयांबरोबर पाठवतो. तुमच्या जवळच्या दवाखान्यात आधी विचारून घ्या, आणि घेत असतील तर त्यांची वेळ चिठ्ठीच्या मागं छापा.

शिवारातली

सिस्टर, ‘सुया’ हे डब्याच्या चारी बाजूंना लिहायला सांगा. ढिगात डबा कुठल्या कुशीवर पडेल सांगता येत नाही.